एकाच अक्षरातल्या हरकती

परवा रविवारी सकाळी अंगणात कुरडयांचा चीक गाळत बसले होते, तेवढ्यात गल्लीतून भोंग्याची रिक्षा गेली. 'सर्व नळधारकांना कळविण्यात येते की...' पुढचं वाऱ्यावर गेलं. मला ते ऐकायची गरजही नव्हती, कारण तो मजकूर मीच दोन दिवसांपूर्वी ऑफिसात बसून लिहून दिला होता. भर चैत्रात नगरपालिकेला नळधारकांची आठवण झाली की समजावं, पाणीपट्टी वाढणार. आमच्याकडे वर्षापूर्वीच आलेली सून आतून म्हणाली, "बघा आई, पुन्हा वाढवली. लूट आहे नुसती!" कोपरापर्यंत हात चिकात होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नगरपालिकेत कारकून आहे. गावाचं नाव सांगत नाही, नोकरीची काही वर्षं अजून शिल्लक आहेत. बाकी गाव तसं सगळ्यांना ओळखीचंच. उन्हाळ्यात लिंबाच्या मोहोराचा कडवट गोड वास, गच्च्यांवर वाळत घातलेले पापड आणि त्यांना राखण म्हणून बसवलेली म्हातारी माणसं, शहागडच्या बाजूनं टेंपो भरभरून येणारी नदीच्या वाळूतली टरबुजं. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. लोक या उन्हाळ्याला शिव्या घालतात. मला मात्र तो आला की बरं वाटतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उन्हाळा याच उकाड्यातून गेला आहे आणि त्याची सुरुवातही अशीच पाणीपट्टीच्या नोटिशीनं झाली होती.

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. आमची गल्ली गावाच्या चढावर, म्हणून तिचं नाव वरची गल्ली. नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं आणि बाजारपेठेतल्या घरांची भांडी भरून आमच्याकडे पोचेपर्यंत त्याच्यात चढायचा जीव उरलेला नसायचा. जमिनीखालच्या लाईनीत ते असायचं, पण वर यायचं नाही. मग आमच्या लोकांनी उपाय काढला. पाणी वर येत नाही ना, तर आपण खाली जाऊ. प्रत्येकानं दारासमोर खड्डा खणला, नळाची लाईन खोलवर तोडली आणि तिथं कळशी लावली. पण एकानं दोन हात खणलं की त्याच्या शेजाऱ्याचं पाणी तुटायचं, मग शेजारी अडीच हात खणायचा. शेजारणीच्या खड्ड्याला पाच पायऱ्या झाल्या की आपल्या सहा. पाण्यापायी अख्खी गल्ली अशी वर्षानुवर्षं एकमेकांशी चुरस करत पाताळाकडे निघाली होती.

आमचा खड्डा नऊ पायऱ्यांचा. गल्लीतला सगळ्यात खोल. तो माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, स्वतः उभं राहून खणून घेतला होता आणि त्याचा त्यांना केवढा तोरा! मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी सगळं विचारलं होतं. मुलाची शाळेतली नोकरी पक्की आहे का, शेत किती, पत्रिका जुळते का. खड्डा किती पायऱ्यांचा, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. आमच्या माहेरी, अंतरवालीच्या बाजूला, मळ्यात विहीर होती. पाणी खालून वर काढायचं असतं एवढंच मला ठाऊक. त्यासाठी माणसानंही खाली जायचं असतं, हे लग्नानंतर कळलं.

पाण्याच्या दिवशी कादरभाईंच्या सायकलची घंटी आधी ऐकू यायची. कादरभाई म्हणजे पाणी सोडणारे. त्यांच्या सायकलच्या दांड्याला व्हॉल्व्ह फिरवायची माणसाएवढी लोखंडी चावी बांधलेली असायची. घंटी वाजली की आत्याबाई पदर खोचून खाली उतरायच्या. तळाशी बसून वाटी वाटीनं कळशी भरायच्या, मधल्या पायरीवर मी, वर 'हे'. शाळेत पोरांवर डाफरणारे आमचे हे त्या दोन तासांत एक शब्द बोलायचे नाहीत. खाली दुसऱ्या कोणी उतरायचं नाही, हा नियम. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, आज मी बसते खाली." त्यावर त्या म्हणाल्या, "तू सांडतीस. ऑफिसात शाई सांडत जाय, हितं न्हाई."

त्या वेळी त्यांनी साठी ओलांडली होती. उतरताना जमायचं, वर येताना एकेका पायरीवर थांबायच्या, गुडघ्यावर हात दाबून. आदल्या वर्षी तिसऱ्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. दीड महिना हात गळ्यात. प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी आलं आणि या पुन्हा खाली! मी वरून त्यांचा विरळ झालेला अंबाडा बघत होते. त्या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. आत्याबाईंचं खड्ड्यात उतरणं बंद व्हावं.

आणि ती गोष्ट ऑफिसात माझ्याच टेबलावर येऊन पडली. गोदेवरून नवी मोठी लाईन, चढावर उंच टाकी, घरोघरी मीटर. बराच पैसा सरकार देणार होतं, पण गावानं पाणीपट्टी जवळजवळ दुप्पट करायला मान्यता दिली तरच. लोकांच्या हरकती मागवायच्या, त्या ऐकायच्या आणि मग सभेत ठराव. ज्या भागातून फार हरकती येतील, तो भाग दुसऱ्या टप्प्यात घालायचा, असं वरून तोंडी सांगितलेलं. दुसरा टप्पा म्हणजे बहुतेक कधीच नाही, हे सरकारी कागद वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

पाणीपुरवठ्याचे साहेब तेव्हा नवीनच आले होते, कोकणातले. ज्या माणसाच्या घराला तीन बाजूंनी पाणी, त्याला सरकारनं आमच्याकडे पाणी द्यायला पाठवलं होतं. बिचारे सज्जन होते. दिवसातून चार वेळा तोंड धुवायचे आणि पहिल्या महिन्यात ऑफिसचा शिपाई त्यांच्यावर त्यासाठी चिडून असायचा.

नोटीस लागली त्याच दिवशी संध्याकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, "कागद काढ. मला हरकत लिहायचीय."

मी हबकलेच. म्हटलं, "अहो, तुमच्याच दारात पाणी येणारे!"

"तू लिहिणारी हायेस का सांगणारी? मी काय म्हणून राह्यले ते लिही."

आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं. सहीपुरती अक्षरं गिरवायला शिकल्या होत्या. मी लिहायला बसले. दरवर्षी चैत्र लागला की आमच्या ओट्यावर त्यांचा रांजण बसायचा. खाली वाळू, तोंडाला ओलं फडकं, पाण्यात वाळ्याची जुडी. जांबसमर्थच्या जत्रेला पायी निघालेली माणसं, बाजाराला आलेल्या बाया, ट्रकवाले, कोणीही यावं, प्यावं, पुढं जावं. त्यांची हरकत त्या रांजणाची होती. 'घराला मीटर बसणार म्हणता. मग वाटसरू पाणी पितो ते कोणाच्या मीटरात धरणार? माझ्या मीटरात धरलं तर उद्या माझ्या सुनेच्या हाताला आखडतं घ्यायची सवय लागंल. पाणी मागणाऱ्याला न्हाई म्हणायची पाळी आमच्या घरावर आणू नये.'

'माझ्या सुनेच्या हाताला' हेही मीच माझ्या हातानं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कागद ऑफिसात आत्याबाईंच्या वतीनं मीच दिला, मीच घेतला आणि त्यावर आवक शिक्काही मीच मारला. पहिली हरकत, वरची गल्ली.

गल्लीत ही बातमी फिरायला कितीसा वेळ लागणार? माझं अक्षर चांगलं आहे हे माझं जन्माचं दुखणं. संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी आमच्या ओट्यावर बायांची रांग लागायला लागली. कोणी पापड लाटून आलेली, हाताला उडदाचं पीठ, कोणी लेकरू काखेला मारून. "सुनंदाबाई, माझी बी लिहा." मी लिहीत गेले. एकीची हरकत, लेक बाळंतपणाला आली की पाणी जास्त लागतं, त्या महिन्याचं काय? एकीची, आठव्या दिवशीच येणार असंल तर दुप्पट कशाचं? एकीनं सांगितलं, कुरडयांचा गहू भिजायला घातला की तिसऱ्या दिवशी पाणी लागतंच, तेव्हा कुरडयांच्या दिवसांत नळ चुकवू नये. यात हरकत कुठं आहे, असं मी विचारलं. "हरकत न्हाई, पण तुम्ही लिहूनच राह्यल्या तर हे बी लिहा."

मला आतून रडू येत होतं. एकेक कागद म्हणजे आमच्या गल्लीची लाईन दुसऱ्या टप्प्याकडे एकेक पाऊल, आणि ते पाऊल माझ्या पेनातून पडत होतं. एखादा शब्द मऊ करावा, एखादा कागद पिशवीतच राहू द्यावा, असं मनात आलं नाही असं नाही. पण समोर बसलेली बाई माझ्या पेनाच्या टोकाकडे असं बघत असायची की हात तसा वळेना. जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी तिचं म्हणणं कागदावर घेत होतं. लिहून झालं की म्हणायची, "वाचून दाखवा." मी वाचायची आणि ती मान डोलवत ऐकायची.

साठ-सत्तर हरकती झाल्या. एक दिवस साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर गठ्ठा पसरलेला.

"बाई, तुमच्या वरच्या गल्लीत एकच माणूस राहतो का?"

मी खाली मान घातली. नोकरीची मला भीती वाटलीच, खोटं कशाला सांगू. नोटिशीविरुद्ध नोटिशीच्याच कारकुनानं गल्लीभर हरकती लिहून द्यायच्या, असं कुठल्या नियमात बसतं? सगळं खरं सांगून टाकलं. साहेब बराच वेळ कागद चाळत होते. मग म्हणाले, "इतर वॉर्डांतून छापील अर्ज आलेत. 'दरवाढ रद्द करा', खाली सही. तुमच्या गल्लीनं तर मला प्रश्न विचारलेत. 'नको' असं यात कोणीच म्हटलेलं नाही, तुमच्या लक्षात आलं का?"

मला लक्षात आलं नव्हतं. लिहिणाऱ्याचं असंच असतं.

सुनावणी ऑफिसात न घेता साहेबांनी ती आमच्या गल्लीत घेतली, पाण्याच्या दिवशी, सकाळी आठला. सगळी गल्ली आमच्या दारात जमली. कादरभाई चावीला टेकून उभे. आत्याबाई खड्ड्याच्या तळाशी. साहेब काठावर वाकून म्हणाले, "मावशी, वर या, तुमच्याशी बोलायचंय."

"पाणी येऊन राह्यलंय. बोलायचं असंल तर खाली या."

आणि साहेब उतरले! बूट काढून, पँट दुमडून. नवव्या पायरीला त्यांचं डोकंसुद्धा बाहेरून दिसेना. आत्याबाईंनी त्यांच्या हातात वाटी दिली. एक कळशी भरायला पाव तास लागला. ती घेऊन ते वर आले तेव्हा निम्मी त्यांच्या सदऱ्यावर होती. खालून आवाज आला, "हे बी सांडतेत." सगळी गल्ली हसली, साहेबही हसले.

मग खरी बोलणी झाली. रांजणाचं उत्तर साहेबांकडे नव्हतं, त्यांनी तसं सरळ सांगितलं. मीटरला वाटसरू कळत नाही, म्हणाले. ते उत्तर शेवटी गल्लीनंच काढलं. रांजण रोज एका घरानं भरायचा, पाळीनं. म्हणजे ते पाणी सगळ्यांच्याच मीटरात थोडं थोडं. आत्याबाई जरा कुरकुरल्या. इतकी वर्षं पुण्य एकट्याचं होतं, आता त्याचीही वाटणी झाली. पण गोष्ट अडली ती दुसरीकडे. आत्याबाई वर येऊन, धापा टाकत, साहेबांना म्हणाल्या, "आधी पाणी वर चढवा, मंग पट्टी चढवा. आम्ही बराबर देऊ."

साहेब म्हणाले, "आधी ठराव लागतो, मावशी. त्याशिवाय सरकार पैसे देत नाही."

"असं म्हणणारे लई आले अन् गेले."

कादरभाईंनी चावीवरचा हात काढला. "साहेब खोटं न्हाई बोलत, काकू. मोठी लाईन आली न्हाई तर मी चावी कितीबी फिरवली तरी पाणी बिलकुल वर चढणार न्हाई."

तेव्हा आत्याबाई सगळ्यांसमोर माझ्याकडे वळल्या. "सुनंदे, तू आत बसतीस. कागद तुझ्या हाताखालून जातेत. खरं सांग, येणार का पाणी?"

मी आजवर अनेक कागदांवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला आहे. पण खरं काय, असं मला कोणी तोंडावर विचारलं नव्हतं. हो म्हणावं आणि पाणी न यावं, तर या गल्लीत मला जन्मभर मान खाली घालून राहावं लागलं असतं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आत्याबाई, येईलच असं मी नाही सांगू शकत. कागद मी सगळे वाचलेत, त्यात खोट नाही, एवढं सांगते. बाकी मला पट्टीचं काही नाही. मला तुम्हाला या खड्ड्यातून वर काढायचंय. मला रोज भीती वाटते."

शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला. आत्याबाईंच्या ओल्या हातातून पाणी ठिबकत होतं. मग बायांकडे वळून म्हणाल्या, "ही येडी हाय, पण खोटं न्हाई बोलत." आणि मला, "जाय, कागद आण. हरकत मागं घ्यायचीय."

झालं! त्यानंतरचे आठ दिवस मी साठ-सत्तर हरकती मागे घेतल्याचे साठ-सत्तर अर्ज लिहिले. त्याच अक्षरात. साहेब म्हणाले, "बाई, आता तुमचं अक्षर बघितलं तरी मला घाम फुटतो." ठराव झाला आणि पहिल्या टप्प्यात वरच्या गल्लीचं नाव आलं. ते मी टाईप करताना दोनदा वाचलं.

आज वाटतं, पाण्याला पैसे मोजायला आमच्या लोकांची ना नव्हतीच. आठवड्यातली एक अख्खी सकाळ, गुडघे, मनगटं, शेजारणीशी अबोला, एवढं सगळं ते मोजतच होते. त्याची पावती मात्र कोणी देत नव्हतं. आता खड्डे बुजले. आमच्या खड्ड्याच्या जागी मुलाची मोटरसायकल उभी असते, आणि तिथं नऊ पायऱ्या होत्या हे सुनेला सांगितलं तर ती मला लाडानं वेड्यात काढते. आत्याबाई जाऊन पाच वर्षं झाली. रांजणाची पाळी अजून चालू आहे, येत्या मंगळवारी आमची. सुनेला पट्टी वाढल्याचा राग आला हेही मला आवडलं. राग येणाऱ्या माणसाला उद्या कागद काढून द्यावा, म्हणावं, लिही. मी काही तिची हरकत लिहून देणार नाही. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

ठरावानंतर पाणी यायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत गल्लीतल्या बायांनी मला एकदाही टोमणा मारला नाही, पण येता-जाता विचारायच्या, "काय म्हणतेत कागद?" आणि मी म्हणायची, "येऊन राह्यलं." मग एका वैशाखात रस्ते उकरले गेले, टाकी उभी राहिली, घरोघरी मीटर आणि नवे नळ बसले. आमचा थेट स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर.

चाचणीच्या दिवशी दुपारी चारला कादरभाई सायकल दामटत ओरडत आले, "सोडलंय! सोडलंय!" आणि आमच्या सगळ्या गल्लीनं केलेली चूक एकदम उघडी पडली. नळाला तोटी कोणीच लावली नव्हती. इतक्या वर्षांत तोटी ही वस्तू आमच्याकडे कुठं वापरात होती? आठव्या दिवशी रडत येणाऱ्या पाण्याला अडवतं कोण? उघड्या नळातून पाणी असं काही सुटलं की समोरच्या मांडणीवरचे डबे खाली आले. घराघरातून आरडाओरडा. "मीटर फिरून राह्यलं! मीटर फिरून राह्यलं!" कोणी चिंध्या कोंबल्या, कोणी कणसाची बुरकुंडं ठोकली, शेजारच्या गृहस्थांनी अंगठा घातला आणि तो काढायचा कसा हे त्यांना कळेना. उताराकडे पाण्याचा ओहोळ निघाला. बाजारपेठेतले लोक वर बघायला आले, आमच्याकडून खाली पाणी येतंय म्हणून.

मी नळावर दोन्ही तळवे दाबून उभी होते. चेहऱ्यावर, पोलक्यात, केसांत, सगळीकडे पाणी. मला हसूही येत होतं आणि रडूही. ओरडले, "आत्याबाई, कळशी द्या! लवकर! घागर द्या, पातेलं द्या, काहीही द्या!"

आत्याबाई दाराशी पाटावर, पाय लांब करून बसल्या होत्या. पाण्याची धार फरशीवरून त्यांच्या पायांपर्यंत आली, त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

"भर तू," त्या म्हणाल्या. "मी बसून राह्यले."

पाणी आलेलं असताना स्वस्थ बसलेल्या आत्याबाई मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते.